आंबेटकरांच्या ओळीतला रिकामा रकाना

“बाय, हा आमचा नाय.”

काशिनाथ आंबेटकर मिटलेली छत्री हातात घेऊन माझ्या कारखान्यात उभे होते. छत्रीचं पाणी कोरड्या जमिनीवर टपटपत होतं. एरवी मी त्यावरूनच चार शब्द ऐकवले असते, पण त्यांचा आवाज ऐकून गप्प बसले. चतुर्थीला चार दिवस राहिले होते. फळ्यांवर एकशे अडतीस गणपती, त्यातल्या साठांचे डोळे आखायचे बाकी, हवा अशी दमट की कोपऱ्यातल्या दोन शेगड्यांशिवाय रंग धरत नव्हता.

“तुमचाच आहे, काशिनाथभाऊ. पाट बघा. डाव्या कोपऱ्याला जळल्याचा डाग आहे. तुमच्या आईच्या हातून निरांजन पडलं होतं ना?”

“पाट आमचाच. वरचा देव आमचा नाय.”

मी जवळ गेले. जरा जास्तच जवळ जावं लागलं. तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पितांबर लाल. शेला राखाडी. आणि पायाशी उंदीर पांढराफटक, ब्रशही न लागलेला.

“सुगंधा!”

सुगंधा ठाकूर माझ्याकडे अठरा वर्षं रंगकाम करत होती. हातातली वाटी न ठेवताच ती उठून आली.

“आंबेटकरांच्या पितांबराला रंग कुणी लावला?”

“मी.”

“कुणाला विचारून?”

तिनं ब्रशानंच भिंतीकडे दाखवलं. “कागदाला. तुम्हीच म्हणालात, यंदा मला विचारायचं नाय, कागदाला विचारायचं.”

“आणि राखाडी शेला? जन्मात बघितलास गणपतीचा राखाडी शेला?”

“मना वाटलं मुंबईची फॅशन असंल. टीव्हीवर बायका नेसतात की राखाडी साड्या.”

“आणि उंदीर?”

“उंदराचं कागदावर काय नव्हतंच. मी म्हटलं, सांगतील मागाहून.”

काशिनाथभाऊ आमच्याकडे बघत नव्हते. ते त्या लाल पितांबराकडे बघत होते. त्यांनी बोट पुढं केलं, रंगाला लावलं आणि मागे घेतलं. रंग वाळलेला होता. शाडूवर एकदा चढलेला रंग धुता येत नाही. माती पाणी पिते आणि मूर्तीच बसते.

“परवा मंदा येतेय, बाय,” ते म्हणाले. “सहा वर्षांनी.”

या कागदाबद्दल आधी सांगायला हवं. गोष्टीला सात वर्षं होऊन गेली, पण आमच्या कारखान्यात अजून कुणी त्याचं नाव काढलं की सुगंधा हसते आणि मी विषय बदलते.

पेणच्या बाजूला आमच्यासारखे कारखाने गल्लोगल्ली आहेत. माझ्याकडे पद्धत सासऱ्यांच्या वेळेपासूनची. गिऱ्हाइकानं आषाढात आपला पाट आणून द्यायचा आणि काय हवं ते तोंडी सांगून जायचं. लिहून कुणी घेत नसे. मूर्ती तयार होत आली की ज्याची त्याच्या पाटावर चढते. मी चौथीपर्यंत शिकले. नाव वाचायला मला वेळ लागतो, पाट वाचायला लागत नाही. कुठल्या पाटाचा पाय कुरतडलेला, कुठल्याला पितळी फुली, कुठल्याला सुतारानं उलट्या बाजूनं खिळा ठोकला, ते बघितलं की त्याची उंची, रंग, उंदीर, सगळं माझ्या तोंडावर. चाळीस वर्षांत एक चूक नाही.

नव्हती, असं म्हणू. मागच्या चतुर्थीला दोन घरांचे रंग उलटसुलट झाले होते. दोन्ही पाटांच्या पायावर खूण होती, आणि खूण मला दिसली नाही. मी सुगंधावर ओरडून मोकळी झाले. सुगंधानं ऐकून घेतलं. माझी सून प्रणिता तेव्हा तिथंच उभी होती. तीही काही बोलली नाही.

प्रणिता रोह्याची, बीएस्सी झालेली, माझ्या हरेशशी लग्न होऊन तिला दोन वर्षं झाली होती. सकाळी मूर्तीच्या अंगाला रंग लावायची आणि दुपारी जेवणं झाली की मांडीवर लॅपटॉप घेऊन पायथन नावाची संगणकाची भाषा शिकायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मला वाटायचं, एवढं डोळे फोडून बघण्यासारखं त्यात काय आहे?

त्या आषाढात ती म्हणाली, “आई, सगळ्या पाटांचा एक तक्ता करून भिंतीला लावूया का?”

“का? माझं डोकं भाड्यानं दिलंय?”

“डोकं तुमचंच. मी नुसतं छापते.”

“छापून काय होणार?”

“तुम्ही डोळे आखत बसलात की सुगंधाताई दर दहा मिनिटांनी विचारायला येतात. ते तरी थांबेल.”

ते खरं होतं. आखणी चालू असताना कुणी विचारायला आलं की माझा हात थांबतो आणि माझं तोंड सुरू होतं. मी हो म्हटलं, पण मनातून नाही. ज्या गोष्टीसाठी अख्खं गाव माझ्याकडे येत होतं ती आता भिंतीला खिळ्यावर टांगणार. म्हणूनच मी सगळ्यांसमोर बजावलं, “आता मला कुणी काही विचारायचं नाही. कागदाला विचारा!” रागानं म्हणाले होते. सुगंधानं ते मनावर घेतलं.

दुपारच्या वेळी आम्ही बसायचो. मी सांगायची, ती टिपायची.

“याला डिक्शनरी म्हणतात,” ती म्हणाली.

“शब्दांचं पुस्तक?”

“नाही, ही वेगळी. तुमच्या पाटासारखी. पाटाचं नाव घेतलं की त्याला बांधलेलं सगळं बाहेर येतं. उंची, पितांबर, शेला, उंदीर.”

“मग मीच डिक्शनरी आहे की.”

“हो. पण तुम्हाला भिंतीला लावता येत नाही.”

मला हसू आलं होतं. दाखवलं नाही.

पुढं तिनं तक्ता कसा होतो तेही दाखवलं. आधी सगळ्यांत लांब नाव शोधायचं, रकाना त्याच्या मापाचा करायचा आणि आखूड नावांच्या मागं मोकळी जागा भरायची, म्हणजे सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक येतात.

“म्हणजे एका धर्माधिकाऱ्यापायी आमच्या मोरे-माळींनी एवढी जागा सोडायची?”

“सोडायची. नाहीतर रेघ वाकडी येते.”

पहिला कागद झेरॉक्सच्या दुकानातून आला तो तरीही वाकडाच. एक रेघ इकडे, एक तिकडे. मी म्हटलं, “सूनबाई, याहून सरळ रेघ मी ओल्या भिंतीवर शेणानं काढते.” तिला तेव्हा कळलं की संगणक वेलांट्या-मात्रासुद्धा एकेक अक्षर म्हणून मोजतो. दोन दिवस ती त्यावर बसली. तिसऱ्या दिवशीचा कागद आला, आणि खरं सांगते, मी ओळंबा लावून बघितला. एकूण एक रेघ सरळ. मी म्हटलं, “बरा आहे.” माझ्या तोंडून एवढं निघणं म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणालाही विचारा.

आंबेटकरांची ओळ घेतली तेव्हाचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं.

“आंबेटकर. उंची?”

“सव्वा फूट.”

“पितांबर?”

“तिथं काही नाही.”

“पांढरं लिहू?”

“पांढरं कशाला? काही नाही म्हटलं ना. त्याचं मला ठाऊक आहे. तू पुढं चल.”

“शेला?”

“लाल.”

“उंदीर?”

“राखाडी.”

आणि ती पुढं गेली.

काशिनाथभाऊंना मी स्टुलावर बसवलं. सुगंधा चहा टाकायला गेली. माझा पाय एका जागी ठरत नव्हता. शेगडीपाशी जाऊन निखारे ढवळले, परत आले, परत गेले.

आंबेटकरांच्या घरची रीत अशी की गणपती कारखान्यातून कोऱ्या पितांबराचा न्यायचा. बाकी सगळा रंगवलेला, फक्त पितांबर मातीचं. हरतालिकेच्या दिवशी सासरहून आलेली लेक डिंक घालून हळद खलते आणि आपल्या हातानं ते पितांबर भरते. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून चालत आलेलं. आमच्या गिऱ्हाइकांत असं हे एकच घर.

“मंदा सहा वर्षं आली नाही का?” मी विचारलं. खरं तर मला ठाऊक नव्हतं. ते दरवर्षी मूर्ती न्यायचे, मी द्यायची.

“कशी येणार? नवरा भिलाईला. त्याचं आजारपण, मग सासूचं. दर वर्षी म्हणायची येते, आणि राहायचं.”

“मग पितांबर कोण भरत होतं? सून?”

“कोणी नाय.”

“कोणी नाही म्हणजे?”

“कोराच बसवला. कोऱ्याचीच पूजा केली, कोराच पाण्यात सोडला.”

“सहा वर्षं?”

“सहा.” त्यांनी छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. “सून एकदा म्हणाली, बाबा, मी भरते, लोक इचारतात. चांगली पोर हाय ती, मनात काय नाय तिच्या. मी म्हटलं, बाळा, तुझी तुझी कामं हायत, तुझी आरास हाय, तुझा नैवेद्य हाय. ही जागा मंदाची. ती येवो नाय तर न येवो.”

सुगंधा चहाचा कप घेऊन आमच्यामधे थांबली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

आमच्या कारखान्यात एक नाव कुणी घ्यायचं नाही असं होतं. अकरा वर्षं कुणी घेतलं नव्हतं. ते मी इथं घेते. वनिता. माझी थोरली लेक.

मी उठले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, “सूनबाई! बाहेर या! आणि ते तुमचं डबडं घेऊन या!”

प्रणिता लॅपटॉप छातीशी धरून आली. मागून हरेश आला, हातात आखणीचा ब्रश घेऊन. मी त्याला सकाळपासून पाच मूर्ती दिल्या होत्या. त्याची एकच झाली होती आणि तीही मला पुसायला लागणार होती.

“बघ. बघ काय केलंय तुझ्या कागदानं. या माणसाची लेक परवा उतरणार स्टेशनवर. तिला काय दाखवायचं? तुझ्या सरळ रेघा?”

ती मूर्तीकडे बघत राहिली. मग कागदाकडे गेली, आंबेटकरांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट आडवं नेलं. लाल. राखाडी. आणि शेवटी काही नाही. तिचा चेहरा उतरला. खाली बसली, लॅपटॉप उघडला, खालीवर केलं.

“कळलं,” ती म्हणाली.

“मला पण कळू दे.”

“तुम्ही म्हणालात तिथं काही नाही. म्हणून मी आंबेटकरांच्या नावाला पितांबर बांधलंच नाही. आणि छापताना मी सांगितलं होतं, ज्याला जे बांधलंय ते ओळीनं छापत जा. याला तीनच गोष्टी होत्या. उंची बसली उंचीत. पुढं पितांबर नव्हतं, म्हणून त्या जागी शेला आला. शेल्याच्या जागी उंदीर आला. उंदराला काही उरलंच नाही.”

“म्हणजे माझी चूक?”

“नाही आई. माझी. जागा रिकामी होती, आणि मी ती रिकामी म्हणून धरून ठेवली नाही. तिथं एक रेघ मारायला हवी होती. इथं कुणाचं तरी यायचं आहे, एवढं सांगणारी. ती नसली की पुढचं सगळं एकेक घर सरकतं. आणि कुणाला काही चुकलंय असं वाटतही नाही, कारण प्रत्येक घरात काहीतरी असतंच.”

“राखाडी शेला बघून वाटायला हवं होतं,” मी सुगंधाकडे बघून म्हटलं.

“वाटलं होतं,” सुगंधा म्हणाली. “पण तुमच्या तोंडाची भीती जास्त वाटली.”

हरेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. ब्रश त्याच्या हातात होता आणि ब्रशाचं टोक थरथरत होतं. ते मला माझ्या तसल्या डोळ्यांनीही दिसलं.

हरेश मातीचा माणूस. लहानपणापासून. शाडू कशी मळायची, किती पाणी, साच्यात कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, हे त्याला कुणी शिकवलं नाही. दहा वर्षांचा असताना हातानं उंदीर करायचा तो टुणकन उडी मारेल असा. आणि वनिताचे डोळे. मी आखलेल्या डोळ्यांकडे लोक बघायचे. वनितानं आखलेल्या डोळ्यांपुढं लोक उभे राहायचे. तिला मी शिकवलं, आणि तिची अठरा वर्षं भरली तेव्हापासून आमच्या घरच्या गणपतीचे डोळे तीच आखत होती. सगळ्या मूर्ती झाल्या की शेवटी घरचा, आणि त्यात सगळ्यांत शेवटी डोळे, चतुर्थीच्या आदल्या सकाळी.

तिनं लग्न केलं ते खाडीपलीकडच्या एका पोराशी, ज्याचा प्लास्टरचा कारखाना होता. साच्यात ओतायचं, तासात काढायचं, विहिरीत सोडलं तरी महिनाभर विरघळत नाहीत असले गणपती. पोरगा वाईट नव्हता. पण माझ्या सासऱ्यांनी शाडूशिवाय कशाला हात लावला नव्हता आणि मीही नाही. ती निघाली तेव्हा मी या दारात उभी राहून म्हणाले होते, “तुझा हात प्लास्टरला लागला की माझ्या घरच्या देवाला लागायचा नाही.”

ती दुसऱ्या सकाळपासून नव्हती. मी काय केलं? तिच्या जागेवर हरेशला बसवलं. हरेशच्या मातीवर बाहेरून माणूस आणला, तो दोन वर्षांनी पळाला, मग दुसरा आणला. प्रणिता लग्न होऊन आली तशी तिच्या हातात अंगाच्या रंगाची वाटी दिली, तिला विचारलंही नाही की तुला काय येतं. कारखाना चालू होता. प्रत्येक जागेवर कुणीतरी बसलेलं होतंच.

“चहा घ्या, भाऊ,” मी काशिनाथभाऊंना म्हटलं.

“दुसरी मूर्ती नाय का, बाय? लहान चालंल. मुकुट नसला तरी चालंल. कोरी पायजे फक्त.”

“आता नवीन केली तर वाळायला पंधरा दिवस. या हवेत वीस.”

ते उठले. “बरं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय.” छत्री उघडायला लागले. “मंदाला सांगतो. इतकी वर्षं तिनं आमचं ऐकलं, एक वर्ष आपण तिचं...” छत्रीचा खटका लागत नव्हता. ते तो दाबत राहिले.

“बसा,” मी म्हटलं.

“आता काय बसू?”

“बसा म्हणते ना! सुगंधा, कोपऱ्यातलं फडकं काढ.”

सुगंधा हलली नाही. हरेशनं टेकलेली पाठ सरळ केली.

“आई, तो घरचा आहे,” तो म्हणाला.

“मला दिसतो अजून. सव्वा फूटच आहे. वाळलेला आहे. रंगाचा हात लागलेला नाही. फडकं काढ.”

मलमलीच्या फडक्याखाली आमचा गणपती होता, माझ्या हातानं केलेला, नुसत्या मातीच्या रंगाचा. काशिनाथभाऊंनी टोपी काढली.

“बाय, तुमच्या घरचा देव मी कसा नेऊ?”

“पाटावर ठेवून न्या. अजून तो कुणाच्याच घरचा नाही. आज अंग होईल, उद्या मुकुट आणि लाल शेला. लाल, सुगंधा. कानात गेलं? आणि उंदीर राखाडी. डोळे मी आखते. परवा सकाळी या. पितांबराला इथं कुणी बोट लावणार नाही.”

“आणि तुमच्याकडं?”

“आमच्याकडं तुमचा लाल. शेल्यावर सोनेरी चढवला की कुणाला कळणार नाही. गणपतीला तर नाहीच.”

हरेशनं दोन्ही मूर्ती पाटांवरून तारेनं सोडवल्या. खालच्या मातीच्या थरातून तार ओढायची असते, एका दमात, मधे थांबलं तर तडा जातो. त्यानं पहिली ओढली तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघत होते. हात दगडासारखा स्थिर. दुसरी ओढली तेव्हाही. अदलाबदल झाली, जळक्या डागाचा पाट कोऱ्या गणपतीखाली गेला. काशिनाथभाऊ चहा न घेताच गेले. दारात मागे वळून त्यांनी मला नमस्कार केला, आणि मला तो आवडला नाही. मी म्हटलं, “जा आता, भिजाल.”

दुपारी प्रणिता नवा कागद घेऊन आली. आंबेटकरांच्या ओळीत पितांबराखाली एक आडवी रेघ होती. बाकी सगळं आपापल्या जागी.

“आता कसं केलंस?”

“आता ओळीला विचारत नाही तुझ्याकडे काय काय आहे म्हणून. रकान्याला विचारते. पितांबर आहे? शेला आहे? उंदीर आहे? जो नाही म्हणेल त्याच्या घरात रेघ. म्हणजे कुणी कुणाच्या जागी जात नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “शेवटी एक रकाना वाढवलाय. डोळे. कुणी आखायचे ते. साठ राहिलेत.”

“मी आहे ना.”

“तुम्ही सकाळपासून सात केलेत, आई. मागच्या वर्षी एका सकाळी वीस करायचात.” तिनं आवाज खाली केला. “मला मागच्या चतुर्थीपासून माहीत आहे. पाटाच्या पायाची खूण तुम्हाला दिसली नाही तेव्हापासून. म्हणून तर तक्ता काढला.”

तिच्या थोबाडीत द्यावी असंही वाटलं आणि तिला जवळ घ्यावं असंही. दोन्ही केलं नाही.

“हरेशला घाल,” मी म्हटलं. “पाच त्याच्याकडे आहेत, अजून पंधरा घाल.”

“नको,” हरेश म्हणाला. तो खाली बसून हाताला लागलेली माती काढत होता. वर न बघता बोलला. “माझी जागा नाही ती, आई. अकरा वर्षं बसलोय. नाही माझी.”

सुगंधाचा ब्रश वाटीत फिरत होता त्याचा तेवढा आवाज.

प्रणितानं लॅपटॉप मांडीवर घेतला. एकेक नाव घ्यायला लागली. मी “मी” म्हणायची तिथं ती “आई” लिहायची. हळूहळू म्हणत गेले. बऱ्याच ओळी माझ्या नावावर घेतल्या, आणि काही तशाच सोडल्या. तिनं विचारलं नाही. शेवटची ओळ आली.

“घरचा. सव्वा फूट. पितांबर लाल, शेला सोनेरी, उंदीर काळा. डोळे?”

फळीवर आंबेटकरांचा लाल गणपती बसला होता. पांढरे कोरे डोळे. पावसाचा आवाज पत्र्यावर वाढला होता, आणि कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं, मुद्दाम.

“तिथं रेघ मार,” मी म्हटलं.

तिनं मारली.

“आणि फोन घे तुझा.”

“कुणाला लावू?”

वनितानं एकदा हरेशच्या हाती तिच्या कारखान्याचं कार्ड पाठवलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. हरेशनं ते स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचलं होतं, नाव, पत्ता, नंबर. मी ते त्याच्या हातातून घेऊन चुलीत टाकलं होतं.

मी दहा आकडे सांगितले. न थांबता, एकामागून एक. हरेशचा माती काढणारा हात थांबला.

प्रणितानं फोन माझ्या कानाला लावला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा तिकडून आवाज आला, मागे कुठलंतरी यंत्र चालू होतं, बायका बोलत होत्या.

“हॅलो? कोण?”

“मी आहे,” मी म्हटलं.

तिकडचं यंत्र बंद झालं.

“ऐक,” मी म्हटलं. “डोळे आखायचा शून्य नंबरचा ब्रश घेऊन ये. आमच्याकडचे सगळे झिजलेत.”